न्यायाधीशांच्या वर्तनाविषयी तक्रार : ती कोणाकडे करावी, कशी लिहावी आणि तिचे पुढे काय होते

तालुक्याच्या न्यायालयातील न्यायाधीशांविषयी गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या पक्षकाराच्या हातात बहुधा अगोदरच लिहिलेला एक अर्ज असतो. त्या अर्जाच्या माथ्यावर जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, पालकमंत्री, मुख्यमंत्री आणि राष्ट्रपती अशी सगळी पदे एकाखाली एक मांडलेली असतात. जालना आणि परभणी या दोन जिल्ह्यांत वकिली करताना असे अर्ज मी पुष्कळ पाहिले. त्यांतले काही दप्तरी दाखल झाले, काही या टेबलावरून त्या टेबलावर गेले, आणि उरलेले ‘हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ असा शेरा घेऊन परत आले. अर्जातले म्हणणे खोटे होते असे नव्हे. ते म्हणणे ऐकण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांच्याकडे ते गेले होते. म्हणून तक्रार कशी लिहावी हे सांगण्यापूर्वी न्यायाधीशांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा कोठे बसवलेली आहे आणि ती तेथेच का बसवली हे सांगणे मला आवश्यक वाटते. अर्जातला मजकूर, त्यासोबतचे कागद आणि पाकिटावरचा पत्ता या तिन्ही गोष्टी त्या उत्तरावरून ठरतात.

देखरेख कोणाच्या घरात आहे

राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 प्रमाणे जिल्हा न्यायालये आणि त्यांच्या खालची न्यायालये यांच्यावरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात, वेतन शासनाच्या तिजोरीतून जाते, आणि तरीही बदली, बढती, रजा, निलंबन आणि विभागीय चौकशी या गोष्टी मंत्रालयाच्या हातात नाहीत. ‘नियंत्रण’ या शब्दात शिस्तभंगाची कारवाई येते की नाही हा वाद पश्चिम बंगालमधील एका अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि ती कारवाई उच्च न्यायालयानेच करावयाची असा निर्णय 1965 मध्ये झाला. बडतर्फीच्या आदेशावर सही राज्यपालांची लागते. पण ती उच्च न्यायालयाच्या शिफारशीप्रमाणेच करावी लागते.

याहूनही बोलके प्रकरण पंजाबचे आहे. तेथील उच्च न्यायालयाने एका न्यायिक अधिकाऱ्याविरुद्धच्या आरोपांची चौकशी राज्य शासनाच्या दक्षता विभागाकडे सोपवली. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने हे चुकीचे ठरवले, कारण असे करून उच्च न्यायालयाने स्वतःकडचे नियंत्रण सोडून दिले होते. कनिष्ठ न्यायाधीश शिस्तीसाठी जसे उच्च न्यायालयाकडे पाहतात तसेच प्रतिष्ठेच्या रक्षणासाठीही पाहतात, हा त्या निकालाचा गाभा आहे. ज्याच्या न्यायालयात शासन स्वतः पक्षकार म्हणून रोज उभे राहते, त्या न्यायाधीशाची चौकशी शासनाच्याच अधिकाऱ्याने केली, तर भूसंपादनाचा मावेजा वाढवून देण्यापूर्वी तो न्यायाधीश दहा वेळा विचार करील. जायकवाडी, माजलगाव आणि निम्न दुधना या प्रकल्पांत जमिनी गेलेल्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ही वेगळेपणाची कल्पना आपल्या भागाला नवी नाही. हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा मराठवाडा होता, न्यायखाते महसुली कारभारातून वेगळे करण्याचा निर्णय 1920 च्या दशकाच्या आरंभीच झाला होता; मुंबई राज्याने त्यासाठी कायदा केला तो 1951 मध्ये. सारा वसूल करणारा आणि खटला ऐकणारा एकच असला की काय होते, हे दोन्हीकडच्या जुन्या पिढ्यांनी पाहिलेले होते.

पोलिसांकडे ही देखरेख का नाही, याचे उत्तर गुजरातमधील नडियादच्या घटनेत आहे. 1989 मध्ये तेथील मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी मारहाण केली आणि हातकड्या घातल्या. त्या प्रकरणात 1991 मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक अधिकाऱ्याला अटक करावयाची झाल्यास जिल्हा न्यायाधीशांना किंवा उच्च न्यायालयाला कळवूनच करावी, असे बंधन घातले. पोलीस ठाण्यात न्यायाधीशांविरुद्ध दिलेला अर्ज पुढे का सरकत नाही, हे यावरून लक्षात येईल.

लोकायुक्तांचा मार्गही येथे उपयोगाचा नाही. 1971 च्या अधिनियमाने न्यायिक सेवेतील अधिकारी त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. आमदारांना सभागृहात बोलायला सांगण्यातही अर्थ नाही, कारण उच्च न्यायालयाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर विधिमंडळात चर्चा करण्यास अनुच्छेद 211 ने मनाई केली आहे, आणि खालच्या न्यायाधीशांवर कारवाई करण्याचा अधिकार विधिमंडळाला नाही. केंद्र शासनाच्या तक्रार निवारण यंत्रणेत अशी तक्रार टाकली, तर तीही शेवटी संबंधित उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांकडेच, म्हणजे वकिलांच्या बोलण्यातल्या रजिस्ट्रार जनरलकडेच, पाठवली जाते. सगळ्या वाटा ज्या दाराशी जातात, त्या दारात आपण थेट जावे हे उत्तम.

निकाल चुकला की वागणे चुकले

तक्रार लिहायला बसण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि त्याचे उत्तर देताना स्वतःशी प्रामाणिक राहावे. ‘साहेबांनी माझी निशाणी पाच (तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज) फेटाळली’ हे गाऱ्हाणे निकालाविषयीचे आहे. त्यावर उपाय अपील, पुनर्निरीक्षण किंवा अनुच्छेद 227 खालील याचिका हा आहे, आणि त्याला मुदत असते. तक्रारीच्या मागे लागून ती मुदत गेली, की अर्जही जातो आणि बांधही जातो. चुकीचा निकाल देणे हे गैरवर्तन नाही. तसे मानले असते, तर वरच्या न्यायालयाने निकाल फिरवताच खालच्या न्यायाधीशाची चौकशी लावावी लागली असती, आणि मग कोणीच मनापासून निकाल दिला नसता. हरलेल्या पक्षकारांच्या किंवा रागावलेल्या वकिलांच्या किरकोळ तक्रारींवर चौकश्या लावू नयेत, प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण देणे हेही उच्च न्यायालयाचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये स्पष्ट केले आहे. मला हे मत पूर्णपणे पटते, आणि माझ्याकडे आलेल्या बहुतेक पक्षकारांना मी तक्रारीऐवजी अपिलाच्या कागदांवर सही करायला लावली आहे.

वर्तनाची तक्रार वेगळी असते. पैशाची मागणी झाली, एका पक्षकाराशी न्यायाधीशांचे घरगुती संबंध असून ते उघड केले गेले नाहीत, भर न्यायालयात जातीवरून किंवा स्त्री असण्यावरून अपमान झाला, पक्षकार हजर असताना रोजनाम्यात गैरहजर लिहिले गेले, युक्तिवाद पूर्ण होऊन प्रकरण निकालासाठी बंद झाल्यावर महिनोन्महिने निकालच दिला गेला नाही, या बाबी अपिलात नीट मांडता येत नाहीत. निकालाच्या दिरंगाईबाबत मोजमापही आहे : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20 प्रमाणे निकाल तत्काळ देता न आल्यास 30 दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा, आणि अपवादात्मक कारण असले तरी तो सामान्यतः 60 दिवसांच्या पुढे जाऊ नये. तक्रारीत ‘फार उशीर’ असे न लिहिता प्रकरण बंद झाल्याची तारीख आणि आजची तारीख लिहावी.

न्यायाधीशांची जागाच रिकामी असणे, इमारत गळणे, लघुलेखक नसणे हे मात्र कोणाचे गैरवर्तन नव्हे. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असल्यामुळे त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. पण तालुका आणि जिल्हा न्यायालयांच्या इमारती व पदे यांचा पैसा विधी व न्याय विभागामार्फतच मंजूर होतो. शिस्त उच्च न्यायालयाची आणि तिजोरी शासनाची, अशी ही विभागणी आहे. म्हणून सोयींविषयीचे निवेदन वकील संघामार्फत दोन्हीकडे द्यावे. तेथे लोकप्रतिनिधींचा खरोखर उपयोग होतो.

कागद आधी, अर्ज नंतर

तक्रार कागदावर टिकते, आणि न्यायालयातला सर्वांत महत्त्वाचा कागद रोजनामा हा आहे. त्यात प्रत्येक तारखेला कोण हजर होते, काय झाले आणि पुढची तारीख कशासाठी दिली हे लिहिलेले असते. आपल्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, सोळा अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालय, अनुक्रम आणि शेवटी वर्ष. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की तारखांचा इतिहास दिसतो. मोबाइलवरचा फोटो आपल्या माहितीसाठी ठीक आहे, पण तक्रारीला नक्कल विभागातून घेतलेली रोजनाम्याची प्रमाणित प्रतच जोडावी. ती माहितीच्या अधिकारात मागू नये. न्यायालयीन अभिलेखाच्या प्रती न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच घ्याव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निर्णय आहे.

एका बांधाच्या दाव्यातला प्रसंग सांगतो. वादी वृद्ध शेतकरी होते. पुकारा झाला तेव्हा ते दारातच उभे होते, मी दुसऱ्या न्यायालयात होतो, आणि संध्याकाळी रोजनाम्यात ‘वादी व वकील गैरहजर’ अशी नोंद झाली. असे पुढच्या दोन तारखांनाही घडले. ते प्रत्येक वेळी हजर होते हे सिद्ध करायचे कशाने? त्यांच्या कोपरीच्या खिशात एस.टी.ची तिकिटे घडी घालून ठेवलेली होती, त्यांवर तारीख आणि वेळ छापलेली होती. चौथ्या तारखेपासून आम्ही सकाळीच हजेरीची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, देऊ लागलो, आणि तिच्या दुसऱ्या प्रतीवर कारकुनाची तारखेसह सही घेऊ लागलो. पुरसीस हा चार ओळींचा कागद आहे, पण एकदा तो अभिलेखात गेला की गैरहजेरीची नोंद त्याच्या शेजारी टिकत नाही. तक्रार करण्याची वेळ आमच्यावर आली नाही. नोंदी आपोआप सरळ झाल्या. म्हणून माझा सल्ला असा आहे, की त्रास सुरू झाल्याचे जाणवताच कागद जमवायला सुरुवात करावी, तक्रार करायची की नाही ते मागाहून ठरवावे.

अर्जाची भाषा आणि शपथपत्र

भारताच्या सरन्यायाधीशांनी ऑक्टोबर 2014 मध्ये सर्व उच्च न्यायालयांना कळवलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कनिष्ठ न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारीसोबत रीतसर शपथपत्र आणि पडताळून पाहता येईल असा पुरावा नसेल, तर तिची दखल घ्यावयाची नाही. निनावी किंवा खोट्या नावाने केलेला अर्ज दप्तरी जातो. ही अट गरीब पक्षकाराला जाचक वाटते हे मला ठाऊक आहे. परंतु पोस्टाच्या एका तिकिटावर कोणत्याही न्यायाधीशाची चौकशी लावता येऊ नये, हा तिचा हेतू योग्य आहे.

अर्ज दोन ते तीन पानांपेक्षा मोठा नसावा. सुरुवातीला आपले नाव, पत्ता, प्रकरणाचा क्रमांक, न्यायालयाचे नाव आणि आपण वादी आहोत की प्रतिवादी ते लिहावे. त्यानंतर घटना तारखेच्या क्रमाने लिहाव्यात, प्रत्येक घटनेचा परिच्छेद वेगळा असावा आणि त्याच्या शेवटी कोणता कागद जोडला आहे ते नमूद करावे. ‘न्यायाधीश समोरच्या पार्टीला फितूर आहेत’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते तपासता येत नाही. त्याऐवजी, ‘अमुक तारखेस जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या प्रकरणाचा पुकारा होण्यापूर्वी प्रतिवादी क्रमांक 2 हे न्यायाधीशांच्या दालनात सुमारे वीस मिनिटे होते, त्या वेळी माझे वकील व अमुक दोन व्यक्ती बाहेरच्या बाकावर बसलेल्या होत्या’ असे लिहावे. हे तपासता येते, आणि चौकशी करणाऱ्याला कोणाला बोलवायचे तेही कळते. ऐकीव गोष्ट लिहायचीच असेल तर ती ऐकीव आहे असे स्पष्ट लिहावे. खोट्या शपथपत्राबद्दल शिक्षा होऊ शकते, म्हणून प्रत्येक वाक्य सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्यावे. निरक्षर पक्षकाराला ते वाचून दाखवले व समजावून सांगितले, अशी नोंद शपथपत्राखाली अवश्य करावी.

शेवटी मागणी लिहावी. ‘माझा दावा मंजूर करावा’ अशी मागणी या अर्जात कधीही करू नये. ही प्रशासकीय बाजू आहे. तिला निकाल बदलता येत नाही, आणि अशी मागणी दिसताच वाचणाऱ्याचा समज होतो की हा हरलेल्या माणसाचा राग आहे. ‘वरील बाबींची चौकशी व्हावी’ एवढेच पुरेसे आहे. त्याच न्यायाधीशांपुढे प्रकरण चालू नये असे वाटत असेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज लागतो : दिवाणी प्रकरणात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात, आणि फौजदारी प्रकरणात सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात.

न्यायालयाच्या अवमानाची भीती पुष्कळांना अर्ज लिहूच देत नाही. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 चे कलम 6 यासाठीच आहे. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाविषयी सद्‌भावनेने केलेले विधान, ते दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयापुढे किंवा संबंधित उच्च न्यायालयापुढे केलेले असेल, तर तो अवमान होत नाही. या संरक्षणाची हद्द नीट पाहावी. तेच विधान गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकले, वर्तमानपत्राला दिले किंवा पत्रकार परिषदेत केले, तर कलम 6 सोबत येत नाही. पाकिटावरचा पत्ता बरोबर असणे हे येथे सोयीपुरते राहत नाही, तेच तुमचे संरक्षण असते.

पत्ता आणि पोच

मराठवाड्यातील आठही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात. हे खंडपीठ 27 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झाले. मुख्य न्यायमूर्तींना राज्य पुनर्रचना अधिनियम, 1956 खाली तसे करण्याचा अधिकार आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 1982 मध्ये खंडपीठाच्या बाजूने निकाल लागला, आणि 1984 मध्ये ते कायम झाले. ज्या पिढीने त्यासाठी आंदोलन केले तिला मुंबईचे अंतर ठाऊक होते. न्यायदानाच्या कामासाठी ते अंतर आता उरलेले नाही. परंतु प्रशासकीय बाजूचे प्रमुख मुख्य न्यायमूर्ती आहेत आणि महाप्रबंधक मुंबईस बसतात.

म्हणून मूळ अर्ज, शपथपत्र आणि जोडपत्रे महाप्रबंधक, उच्च न्यायालय, मुंबई यांच्या नावे पाठवावीत. दुसरा संच खंडपीठाच्या प्रबंधकांमार्फत आपल्या जिल्ह्याच्या पालक न्यायमूर्तींसाठी द्यावा. प्रत्येक जिल्ह्याच्या प्रशासनावर लक्ष ठेवण्यासाठी उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती नेमलेले असतात. तक्रार कनिष्ठ किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांविषयी असेल, तर प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांनाही एक प्रत देता येते. साधी, सोडवता येण्याजोगी अडचण असेल तर मी आधी तेथेच जातो, कारण जिल्हा न्यायाधीश दुसऱ्याच दिवशी विचारणा करू शकतात. तक्रार खुद्द जिल्हा न्यायाधीशांविषयी असेल, तर ही पायरी अर्थातच वगळावी. हातोहात दिल्यास आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. टपालाने पाठवल्यास पोचपावती शपथपत्राच्या प्रतीला टाचून ठेवावी. मुंबईला स्वतः जाण्याची गरज नाही.

नंतर काय होते, आणि काय होत नाही

अर्जात तथ्य दिसले तर प्रथम गोपनीय स्वरूपाची प्राथमिक चौकशी होते. संबंधित न्यायाधीशांचा खुलासा मागवला जातो, कधी जिल्हा न्यायाधीशांचा अहवाल घेतला जातो. पुढे आरोपपत्र देऊन विभागीय चौकशी झाली, तर तक्रारदाराला साक्षीसाठी बोलावणे येऊ शकते. ते आल्यास अवश्य जावे, कारण तक्रारदारच फिरकला नाही तर चौकशीत हाताला काही लागत नाही. कारवाई झाली नाही तरी नोंद राहते. न्यायिक अधिकाऱ्यांना 58 च्या पुढे 60 वर्षांपर्यंत सेवेत ठेवण्यापूर्वी त्यांच्या कामाचे मूल्यमापन करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये घालून दिले आहे, आणि अशा वेळी अधिकाऱ्याचा सगळा पूर्वेतिहास पाहिला जातो.

या व्यवस्थेतला एक दोष मला मनापासून खुपतो. महाप्रबंधकांच्या कार्यालयात काम करणारे बहुतेक प्रबंधक न्यायिक सेवेतूनच आलेले असतात आणि काही वर्षांनी पुन्हा जिल्ह्यात न्यायाधीश म्हणून जातात. आज ज्याच्याविषयीचा अर्ज ते वाचतात, तो उद्या त्यांचा सहकारी असतो. शासनापासूनचे स्वातंत्र्य या मांडणीत चांगले जपले जाते. स्वतःच्या सेवेतील माणसांपासूनचे अंतर मात्र तितके जपले जात नाही. दक्षतेचे काम करणाऱ्या अधिकाऱ्याला ठरावीक मुदत असावी, त्याने थेट मुख्य न्यायमूर्तींना जबाबदार असावे, आणि तक्रार निकाली निघाली की तसे एका ओळीचे पत्र तक्रारदाराला जावे, असे मला वाटते. चौकशीचा तपशील गोपनीय ठेवणे मी समजू शकतो. ती संपली की नाही हे गोपनीय ठेवण्याचे कारण मला सापडलेले नाही. तोवर तीन महिन्यांनी आवक क्रमांक लिहून एक स्मरणपत्र पाठवावे, आणि सहा महिन्यांनी उच्च न्यायालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे ‘माझा अर्ज सध्या कोणत्या टप्प्यावर आहे’ एवढाच प्रश्न विचारावा. चौकशी अहवालाची प्रत मागितली तर नकार येण्याचीच शक्यता अधिक.

कारकून, बेलिफ किंवा शिपाई यांच्याविषयीची तक्रार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे करावी. त्यांनी लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे, आणि तेथे विलंब करू नये. आपल्याच वकिलाविषयी गाऱ्हाणे असेल तर ते महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जाते. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींविषयीची तक्रार त्या न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे किंवा भारताच्या सरन्यायाधीशांकडे करावी. तिची छाननी 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेल्या अंतर्गत कार्यपद्धतीने होते. त्यांना पदावरून दूर करण्याचा अधिकार संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या ठरावानंतर राष्ट्रपतींना आहे, आणि तसा प्रस्ताव दाखल करण्यासाठीच लोकसभेच्या 100 किंवा राज्यसभेच्या 50 सदस्यांच्या सह्या लागतात.

तक्रार पाठवल्यामुळे मूळ दावा थांबत नाही. पुढच्या तारखेला वेळेवर जावे, पुकारा होण्यापूर्वी हजेरीची पुरसीस द्यावी, न्यायाधीशांशी नेहमीच्याच अदबीने बोलावे, आणि तक्रारीचा उल्लेख न्यायालयात स्वतःहून करू नये. तसा उल्लेख दबाव आणण्यासाठी केला असे दिसले, तर सद्‌भावनेचे जे संरक्षण कलम 6 देते ते तेथेच धोक्यात येते.